गेट-टुगेदरनंतरची हुरहुर

"मॅडम, शाळेच्या गेट-टुगेदरला जाऊन आलो आणि तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. वय झालं का माझं?" थोड्याफार फरकानं हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकाची गोष्ट सांगून सगळ्यांनाच उत्तर द्यावं म्हटलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. नोकरी चांगली, संसार सुरळीत. कार्यक्रमही झकास झाला होता. पण घरी आल्यापासून रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर बॅचचे फोटो बघत बसायचे. "एवढं काय होतं त्या शाळेत?" असं बायकोनं विचारलं, तर ते त्यांनाही सांगता येईना.

अशा वेळी मी आधी तुलना चाचपून बघते. कोण कुठे पोचलं, कुणाची मुलं काय करतात, कुणाचे केस अजून शाबूत आहेत, हे हिशेब तिथे आपोआप सुरू होतात. माणूस स्वतःला जोखतो ते बहुधा आपल्यासारख्यांशी ताडून, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्येच मांडलं. एका वर्गातली, एका वयाची माणसं त्यासाठी फारच सोयीची. पण हे गृहस्थ त्या बाबतीत निवांत होते. "माझं बरं चाललंय," म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

त्यांना धास्ती वेगळीच होती. गेल्या वर्षीचं आठवत नाही आणि नववीतलं लख्ख आठवतं, हे म्हातारपणच ना? तर नाही. चाळिशी उलटलेल्यांना आयुष्यातलं काही आठवायला सांगितलं, की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त निघतात. पहिली मैत्री, पहिली फजिती, पहिली कमाई, सगळं त्याच काळातलं. त्यानंतरचं आयुष्य फिकं होतं, असा त्याचा अर्थ नाही. आणि मागे वळून बघण्याचंच म्हणाल, तर रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये ठामपणे लिहिलं, की उतारवयात आयुष्याचा असा धांडोळा घेणं हा बुद्धीचा ऱ्हास नव्हे, ती मनाची स्वाभाविक गरज आहे. मी त्याच मताची. कुणी आठवणींत रमलं की त्याला घाईनं 'वर्तमानात' ओढून आणायचं, हे मला पटत नाही. तो तिथे काहीतरी शोधत असतो. काय शोधतोय, ते बघावं.

म्हणून म्हटलं, "फोटो दाखवता?"

एक जुना, वर्गाचा. दुसरा त्याच क्रमानं उभं राहून आता काढलेला. जे नव्हते त्यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या. (कल्पना कुणाची कोण जाणे. मला विचाराल तर असलं काही करताना दोनदा विचार करावा.) त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं, आता स्वतःचा चेहरा दाखवतील. पण बोट थांबलं ते शेजारच्या मोकळ्या जागेवर.

"इथे कोण?"

"माझा बेंचवरचा मित्र. वारला. दोन वर्षं झाली म्हणे. मला तिथेच कळलं, गमतीत हजेरी घेत होते तेव्हा."

"मग?"

"मग काय, पुढचं नाव माझंच. 'हजर' म्हणालो. कार्यक्रम पुढे सरकला."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "इतक्या वर्षांत एक फोन केला नाही मी त्याला. आता रडायचा मला काय हक्क?"

"म्हणून त्याच्यासाठी रडायच्या ऐवजी शाळेसाठी रडताय का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मनसोक्त रडले. अशा वेळी पाण्याचा पेलासुद्धा पुढे करू नये. ही शिस्त मी अनुभवानं कमावली आहे.

हुरहुर, वय झाल्याची खंत, 'गेले ते दिवस', या सगळ्याखाली एक साधं, नाव नसलेलं दुःख दडपलेलं होतं. ज्या दुःखाला लोक, आणि आपण स्वतःही, मान्यता देत नाही, त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिलंय. संपर्क तुटलेला मित्र हे त्याचं ठळक उदाहरण. भेटायला जायचं कुणाला, सांत्वन करायचं कुणाचं, काही ठरलेलं नसतं. मग ते दुःख भलत्याच दारातून आत येतं.

तुमचंही असं काही झालं असेल, तर 'जुने दिवस' हा गठ्ठा सोडा आणि नेमकं कोण, नेमकं काय, ते विचारा. कधी ती गेलेली व्यक्ती असते, कधी न मागितलेली माफी, कधी हातातून सुटलेलं एखादं काम. ग्रुपमधून बाहेर पडायची घाई नको. रात्रभर तो चाळणंही नको. त्यातल्या एकाला फोन करा, जो तिथे तेव्हा होता. आणि उदासी सलग दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ टिकली, झोप-भूक उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर ती हुरहुर समजून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

या गृहस्थांनी मित्राच्या पत्नीचा नंबर मिळवला. फोन करायला बरेच दिवस लावले. मग तिला ठाऊक नसलेले त्याचे शाळेतले उद्योग तासभर सांगत बसले. तिनं मुलालाही फोनवर बोलावलं म्हणे.

शेवटच्या भेटीत म्हणाले, "मॅडम, आता बरं वाटतंय. पण जिना चढताना दम लागतो आणि गुडघे दुखतात, ते तसंच आहे." त्यासाठी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. तेवढं मात्र वयाचं असू शकतं.