वाचक विचारतात: शूटर गेम जुन्या ऑनलाइन विश्वाला जोडायचा की नाही?

प्रश्न: दादा नमस्कार, आमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक बरीच वर्षं ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा गेम खेळतायत आणि निम्मे फक्त शूटरवाले, म्हणजे बंदुकीने लढायचे गेम खेळणारे. ईव्हच्याच दुनियेतला व्हॅनगार्ड नावाचा शूटर 2023 मध्ये जाहीर झाला तेव्हापासून आमच्यात वाद पेटलाय. ईव्हवाले म्हणतात शूटर आमच्या विश्वाला जोडलेलाच हवा, नाहीतर नुसतं नाव लावून काय उपयोग. शूटरवाले म्हणतात तुमचं राजकारण तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला निवांत मॅच खेळू द्या. तुम्ही कुणाच्या बाजूने? गोलमोल उत्तर नको.

उत्तर: जोडावा, या मताचा मी आहे. पण खाली ग्रहावर मॅचमध्ये गोळ्या चाललेल्या असताना त्या जोडणीची झळ शूटरवाल्याला बसू नये ही माझी अट आहे, आणि ती का घालतोय हे समजायला डस्ट 514 आठवावा लागेल, कारण हा प्रयोग एकदा खराखुरा होऊन गेलाय.

ईव्ह ऑनलाइन 2003 पासून चालू आहे, आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा गेम, आणि चीन सोडलं तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच सर्व्हरवर, म्हणजे तिथे एक कारस्थान शिजलं की त्याचा परिणाम सगळ्यांनाच भोगावा लागतो. याच सर्व्हरला जोडलेला डस्ट 514 कंपनीने मे 2013 मध्ये रिलीज केला, फुकट खेळायचा शूटर, फक्त प्लेस्टेशन 3 वर. वर अंतराळात पीसीवाले, खाली ग्रहावर कन्सोलवाले, आणि दोघे एकाच कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या गटात!

आणि ते चालायचं रे. खाली मॅच चालू आहे, स्क्वॉड लीडरने मॅचमधल्या कामगिरीचे पुरेसे वॉर पॉइंट जमवलेत, तो नकाशावर जागा दाखवून स्ट्राइक, म्हणजे वरून मारा मागतो, आणि त्या वेळी ग्रहाच्या वर ईव्हमधला कुणीतरी खरा माणूस छोट्या तोफांत खास टॅक्टिकल अ‍ॅम्युनिशन भरून आपलं जहाज घेऊन थांबलेला असतो, तो फायर करतो आणि खाली टीव्हीवर आभाळातून मारा कोसळतो. दोन वेगळे गेम, दोन वेगळी मशीन्स, आणि एकाने दाबलेल्या बटणाने दुसऱ्याची मॅच फिरते. असं दुसरीकडे कुठे मी तरी पाहिलेलं नाही, आणि ज्यांना हे नुसतं जाहिरातीचं गाजर वाटतं त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे.

मग 30 मे 2016 ला डस्ट बंद का पडला? जोडणीमुळे पडला असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. रिलीजनंतर सहाच महिन्यांत प्लेस्टेशन 4 आला आणि डस्ट जुन्या मशीनवरच अडकला, हे एक. दुसरं म्हणजे शूटर म्हणून तो कच्चा होता, नेम धरताना हाताला जी पकड जाणवायला हवी ती नव्हती. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं, ते नवख्यांचे हाल. ईव्हसारखेच हळूहळू साठवायचे स्किल पॉइंट, ईव्हसारखंच मेलात की अंगावरचा सूट गेला, परत पैसे देऊन घ्या. ईव्हमध्ये जहाज गमावण्याची भीती हाच खेळाचा प्राण आहे, पण शूटरमध्ये माणूस एका मॅचमध्ये दहा वेळा मरतो! त्यामुळे जुने खेळाडू महागडे, सगळ्यात ताकदीचे प्रोटो सूट घालून यायचे आणि नवीन पोरांना अक्षरशः तुडवायचे, त्याला प्रोटोस्टॉम्पिंग असं नावच पडलं होतं. म्हणजे ईव्हचे नियम जसेच्या तसे उचलून शूटरवर लादले, आणि खरी जोडणी, म्हणजे जमिनीचा ताबा, ती मात्र मोल्डन हीथ नावाच्या एकाच प्रदेशापुरती ठेवली. ईव्हमधल्या बाकी लोकांचं डस्टवाचून काही अडत नव्हतं. माझ्या मते हे बरोबर उलटं व्हायला हवं होतं.

आता अटीबद्दल. दोन्ही गेमचं घड्याळच वेगळं आहे. ईव्हचा सर्व्हर साधारण सेकंदाला एकदा गेममध्ये काय घडलं याचा हिशोब करतो, तर चांगले शूटर सेकंदाला 60 वेळा, काही 128 वेळा. मोठ्या लढाईत लोड वाढला की ईव्ह सरळ वेळच हळू करतो, पार दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी 2014 मधली ईव्हमधल्या बी-आर5आरबी या तारामंडळातली लढाई आठवा, साडेसात हजारांच्या वर खेळाडू, 75 टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, खलास आणि जवळपास 21 तास चाललेली. शूटरची मॅच वीसेक मिनिटांत संपते. ती मॅच वरच्या लढाईला क्षणाक्षणाला बांधली तर वरचे रेंगाळणार आणि खालचे ताटकळणार. म्हणून जोडणी निकालाची हवी. मॅच संपली, कोण जिंकलं ते वर कळलं, त्या ग्रहावरचा कारखाना किंवा तळ हातचा गेला, आणि त्याचा परिणाम पुढचे काही तास, काही दिवस ईव्हवाल्यांना जाणवत राहिला, असं. वरून बॉम्बगोळा मागवणं मला स्वतःला फार आवडतं, ते ठेवा की, पण तो स्क्वॉडने कमावलेला असावा, आणि वर कुणी मित्र नाही म्हणून एखादी टीम हरली असं होता कामा नये.

प्रश्न: मी फक्त शूटर खेळते, अंतराळातलं मला ओ की ठो कळत नाही. मला यातून काय मिळणार?

उत्तर: ताई, मॅचला अर्थ मिळणार. एरवी मॅच संपली, स्कोअरबोर्ड आला, लॉबीत परत, पुन्हा तोच नकाशा. जोडलेल्या गेममध्ये तुम्ही राखलेली जागा उद्याही तुमचीच असते आणि ती परत घ्यायला कुणीतरी पैसे मोजून माणसं पाठवतं. त्यासाठी तुम्हाला एकही जहाज उडवायची गरज नाही, भाड्याने लढणारे सैनिक म्हणून खेळा, कंत्राट देणाऱ्याचं राजकारण त्याचं तो बघेल.

प्रश्न: दोन्हीकडे पैसा आणि शस्त्रं एकच ठेवली तर? सगळं खरं वाटेल ना?

उत्तर: वाटेल, पण घाई नको. डस्टमध्ये चलनाचं नाव ईव्हचंच होतं, इस्क, तरी दोन्हीकडची देवाणघेवाण मोकळी सोडली नव्हती आणि ते शहाणपणाचंच होतं. ईव्हमधल्या एखाद्या बड्या कॉर्पोरेशनच्या तिजोरीत जे पडून असतं त्यातल्या चिल्लरीत शूटरमधल्या अख्ख्या टीमला सगळ्यात भारी सामान कायमचं घेऊन देता येईल, मग नवीन माणसाने का यावं?

शस्त्रांचं तर कॉल ऑफ ड्यूटीच्या वॉरझोन या शूटरमध्ये दिसलंच. डिसेंबर 2020 मध्ये त्याला त्याच मालिकेतल्या ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर या गेमशी जोडलं, तिकडच्या बंदुका एका दमात इकडे आल्या आणि डीएमआर 14 या रायफलीने असा धुमाकूळ घातला की जो तो तीच घेऊन फिरायला लागला, नंतर तिला परत परत नर्फ, म्हणजे कमजोर करावं लागलं. आणि ते दोन्ही शूटरच होते हं, अंतराळाचा गेम आणि शूटर यांच्यात तर हा गुंता कितीतरी मोठा होईल. त्यामुळे सुरुवातीला माल एकाच दिशेने जाऊ द्या, शूटरमधून ईव्हकडे. खालच्यांनी ग्रहावरून सामान, माहिती, भंगार काय मिळेल ते काढावं आणि वरच्यांनी विकत घ्यावं, त्याचा पैसा खाली येताना मॅचमागे मर्यादा ठेवावी. वर्षभर भाव कसे हलतात ते बघावं आणि मग उलटा रस्ता थोडा थोडा उघडावा, तोही कपडे, रंग, बिल्ले अशा गोष्टींपासून, बंदुका सगळ्यात शेवटी.