फिल्टर मेथॅनॉलमध्ये टाकलास ना? मग तो 14 चा गॅप हवेतला नाही

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या छतावर ऊस हंगामात हवेतले कण धरायला लावलेले फिल्टर, मेथॅनॉलमध्ये काढलेला अर्क, मशीनच्या फॅसिलिटीच्या रांगेत महिनाभर पडलेल्या वायल (छोट्या बाटल्या), मग मास स्पेकमध्ये (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) 14-14 च्या अंतरानं उगवलेली पीकं (उसाची नव्हेत), आणि सर खूश, की हवेतल्या कणांत अ‍ॅसिड कॅटलिसिसनं (आम्लामुळं रिअ‍ॅक्शनला वेग येऊन) झालेली नवी संयुगं घावली. डिट्टो माझी कथा. फक्त माझे फिल्टर कागलच्या बाजूचे होते.

फिल्टर भाजणं, फॉइल, फ्रीझर हे तुला माहीत असणारच, ते सोडतो. मला एकच सांग, मेथॅनॉल का घेतलंस? फॉर्मवर छापलं होतं म्हणून, बरोबर? मी पण त्यासाठीच घेतलं. नाव घेत नाही, पण एका फॅसिलिटीच्या खिडकीवरच्या माणसानं मला तीनदा सांगितलं, "सॅम्पल मेथॅनॉलमध्येच, नाहीतर परत न्या." बरं, दिले. तर सहा आठवडे माझा ट्रे खिडकीत, उन्हात, कुणाच्या तरी चहाच्या कपाशेजारी. फोन केला की "नंबर आला की कळवू". मधे मशीन बंद, मग ऑपरेटर रजेवर, मग ऑडिट. असो, यावर बोलत बसलो तर रात्र सरंल.

आता त्या वायलीत काय चालू होतं बघ. फिल्टरवरच्या सल्फेटबरोबर थोडं अ‍ॅसिड येतं, आणि मेथॅनॉल म्हणजे शेवटी अल्कोहोलच. अर्कातलं कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड त्याला धरून मिथाइल एस्टर होतं, वजन 14 नं वाढलं. अ‍ॅल्डिहाइड असेल तर हेमिअसेटल, 32 नं वाढलं, आणि अजून एक मेथॅनॉल घेऊन पाणी सोडलं की असेटल, मूळच्यापेक्षा 46 जास्त. म्हणजे जी रिअ‍ॅक्शन तू हवेत शोधतोयस तीच तुझ्या बाटलीत निवांत चाललीय. मामाच्या गुऱ्हाळात रसाला चुना मारल्याशिवाय पुढं जात नाहीत, कारण रस आंबट राहिला की तापवताना साखर फुटते आणि गूळ धरत नाही. मामाला हे कळत होतं, एमएस्सी झालेल्या मला नाही.

फसलो का, तर 14 म्हणजे CH2, आणि CH2 ची शिडी हवेतल्या कुठल्याही सेंद्रिय मिश्रणात असतेच, त्यामुळं डोळ्याला काही खुपलं नाही. त्यात डोक्यात 2002 चा सायन्समधला पेपर, नॉर्थ कॅरोलायनाच्या रिचर्ड कामेन्स यांच्या गटाचा, सीड कणांत (ज्यांच्यावर बाकीचं जमतं ते आधीचे बारीक कण) सल्फ्युरिक अ‍ॅसिड असलं की अ‍ॅल्डिहाइडपासून कणांचं वस्तुमान जास्त तयार होतं हे दाखवणारा. मला तर तेच दिसायला हवं होतं.

पण खरी चूक माझीच आणि ती ब्लँकची, म्हणजे तुलनेला सोबत चालवलेल्या कोऱ्या फिल्टरची. कॉन्फरन्सला पोस्टरसमोर एका वयस्कर बाईंनी विचारलं, ब्लँक कसा आला? मी छाती काढून म्हटलं, एकदम क्लीन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कोऱ्या फिल्टरवर अ‍ॅसिडही नाही आणि एस्टर व्हायला काही नाही, तो क्लीनच येणार की." दुसरा दिवस मी पोस्टरपाशी गेलोच नाही.

परत आल्यावर भाजलेल्या कोऱ्या फिल्टरवर पिनोनिक अ‍ॅसिड टाकलं (अल्फा-पायनीनपासून होतं ते), वर विरळ सल्फ्युरिकचा थेंब, मेथॅनॉलमध्ये बुडवून तीन आठवडे खिडकीत. पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) सोडियमसकट 207 ला पिनोनिक, आणि शेजारी 221 ला त्याचा मिथाइल एस्टर, ऐटीत उभा. तुझ्या यादीत पण 221 आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

तू काय कर, एकाच फिल्टरचे दोन तुकडे, एक मेथॅनॉलमध्ये, एक अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये (ते अल्कोहोल नव्हे, त्यामुळं एस्टर होत नाही), आणि त्याच दिवशी मशीनवर. सरांकडं पैसे असतील तर तिसरा तुकडा ड्युटेरियमवाल्या (जड हायड्रोजनच्या) मेथॅनॉलमध्ये, एस्टर बाटलीतच होत असेल तर 14 च्या जागी 17 दिसेल. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये लेव्होग्लुकोसनसारखी साखरेच्या जातीची संयुगं नीट उतरत नाहीत, पाचट जाळल्याचा पुरावा हवा असेल तर त्यासाठी तुकडा वेगळा ठेव.

सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही हां. आयसोप्रीनच्या (झाडं सोडतात तो वायू) एपॉक्साइडची अ‍ॅसिडमुळं रिंग उघडते हे खरंच घडतं. निगेटिव्हमध्ये 215 ला काही दिसतंय का बघ, आणि ते फोडल्यावर 97, म्हणजे सल्फेटचा तुकडा, येतंय का. आलं तर तो त्याचा ऑर्गॅनोसल्फेट असू शकतो. गगनबावड्याकडून, म्हणजे जंगलाकडून, वारा असलेल्या दिवशीचा फिल्टर आधी काढ.

आणि तुझ्या पोस्टमधलं ते pH. फिल्टर 10 मिली पाण्यात भिजवून 5.8 आला म्हणून कण अ‍ॅसिडिक नाहीत असं लिहू नकोस, प्लीज. फिल्टरवरच्या कणांत मुळात पाणी समज अर्धा मिलिग्राम होतं, तू ते 20,000 पट पातळ केलंस, म्हणजे ढोबळमानानं चार युनिट तिथंच गेले. नुसतं डिस्टिल्ड वॉटर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं 5.6 च्या आसपास येतं. आयन मोजून आयसोरोपिया मॉडेल (आयनांवरून कणांचा pH काढणारं) चालव, पण अमोनिया वायूचा आकडा असेल तरच, नाहीतर तिथंही गंडशील.

मी आता फाउंड्रीत क्यूसीला (माल तपासायला) आहे, मास स्पेकला हात लावून दहा वर्षं झाली, त्यामुळं एखाद्या जाणत्याला पण विचार. फॅसिलिटीवाल्यांशी भांडू नकोस, अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली स्वतः घेऊन जा आणि ऑपरेटरला थेट गाठ, खिडकीवर नाही. आणि ते छत कुठलं नेमकं? खाली फाउंड्रीची भट्टी असेल तर आधी तेवढं सांग, मग पुढचं बोलू.