नाताळच्या सुट्टीत आई-बाबा आणि मुलांना घेऊन पाच दिवस कोस्टा रिकातल्या पुएर्तो विएहोला जायचं आहे. आखणी कशी करू?

तुमचा प्रश्न धरूनच लिहितो. न्यू जर्सीहून निघणार, सोबत भारतातून आलेले सत्तरीचे आई-बाबा, 6 आणि 10 वर्षांची मुलं, सगळे शाकाहारी, हातात पाच दिवस आणि तारीख नाताळची. यातली तारीख आणि पाच दिवसांचा आकडा सोडला तर बाकी सगळं जमवता येईल.

कोस्टा रिकाबद्दल जिथे-तिथे लिहिलेलं असतं की डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. ते पॅसिफिक किनाऱ्याबद्दल खरं आहे. पुएर्तो विएहो कॅरिबियन बाजूला, लिमोन प्रांताच्या दक्षिण टोकाला, पनामाच्या सीमेजवळ आहे आणि तिथलं पंचांग वेगळं चालतं. नोव्हेंबर ते जानेवारीत उत्तरेकडून थंड हवेचे लोट येतात, ते कॅरिबियनवरून बाष्प उचलतात आणि डोंगराला धडकून सलग दोन-तीन दिवस कोसळतात. जुलैतही व्यापारी वारे जोरात असल्यामुळे पाऊस असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे वारे मंदावतात, पॅसिफिककडून वारा येतो, पाऊस पलीकडच्या उतारावर पडून जातो आणि अलीकडची बाजू त्यातल्या त्यात कोरडी राहते. सह्याद्री ओलांडून देशावर गेल्यावर जे होतं तेच, फक्त दिशा महिन्यागणिक बदलते. त्यातल्या त्यात म्हणतोय, कारण लिमोनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्ण कोरडा असा महिनाच नाही. चक्रीवादळांच्या भीतीने लोक कॅरिबियनमधला सप्टेंबर-ऑक्टोबर टाळतात. तिथल्या बहुतेक बेटांसाठी ते बरोबर आहे, पण कोस्टा रिका त्या वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं. थेट तडाखा दिला तो 2016च्या नोव्हेंबरात ओट्टो वादळाने, तोही देशाच्या उत्तर टोकाला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ऑक्टोबरात मुलांची आठवडाभर शाळा बुडवता आली तर बुडवा. ते शक्य नसेल तर फेब्रुवारीतली किंवा मार्चमधली सुट्टी धरा, तेव्हाही पाऊस बराच आटोक्यात असतो. ईस्टरचा आठवडा मात्र टाळा, अख्खी राजधानी सान होसे समुद्रावर लोटते. नाताळातही दर चढलेले असतातच. म्हणजे जास्त पैसे मोजून पाऊस विकत घ्यायचा. शिवाय डिसेंबरात समुद्र खवळलेला असतो. गावासमोरची साल्सा ब्रावा ही लाट सर्फिंगवाल्यांना डिसेंबर ते मार्च हवीहवीशी वाटते, कारण तळाशी उथळ प्रवाळ आहे आणि लाट जाड उठते. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

दुसरा कळीचा मुद्दा रस्त्याचा. विमानतळ सान होसेजवळ अलाहुएलाला आहे. तिथून पुएर्तो विएहो साधारण 220 किलोमीटर, न थांबता साडेचार ते पाच तास. पहिला टप्पा राष्ट्रीय मार्ग 32, ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून. मुसळधार पाऊस झाला की इथे दरड कोसळते आणि घाट बंद होतो, कधी काही तास, कधी दिवसभर. दाट धुकंही असतं. मोईन बंदराकडे केळी-अननसाचे कंटेनर याच रस्त्याने जातात. घाट बंद असेल तर तुरियाल्बावरून सिकिरेसला उतरणारा मार्ग 10 धरायचा, तो वळणावळणांचा आहे आणि दीड-दोन तास जास्त खातो. मुलांना गाडी लागत असेल तर गोळ्या आधीच द्या.

सूर्य तिथे वर्षभर साधारण पाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. आता हिशेब करा: विमान दुपारी 12ला उतरलं, इमिग्रेशन-सामानात एक तास, जेवण अर्धा तास, रस्ता पाच तास. म्हणजे शेवटचा टप्पा काळोखात, भर पावसात, खड्डे आणि बिनदिव्यांच्या सायकली चुकवत. सकाळी 10च्या आत उतरत नसाल तर पहिली रात्र अलाहुएलातच काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7ला निघा. परतीलाही तेच. ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी किनाऱ्यावरून निघायचं नाही, निदान आदल्या रात्री विमानतळाजवळ पोचायचं. विमानं चुकतात ती याच रस्त्यापायी. हे सगळं धरलं तर पाच दिवसांत गावात जेमतेम दोन पूर्ण दिवस मिळतात. सहा रात्री काढा: एक अलाहुएलात, चार गावात, एक पुन्हा अलाहुएलात. ते जमत नसेल तर यावेळी हे ठिकाण सोडा आणि विमानतळाला जवळचं काही बघा.

जायचं कशाने? मेपे कंपनीची बस सान होसेच्या तेर्मिनाल अत्लांतिको नोर्तेवरून सुटते, दहा-पंधरा डॉलरांत पोचवते, पण आई-बाबांसाठी मी ती सुचवणार नाही: सामान, स्वच्छतागृह, बसायची जागा, सगळंच बेभरवशाचं. सामायिक शटल व्हॅन हॉटेलच्या दारातून घेते, माणशी साधारण 50 ते 65 डॉलर. सहा जणांना त्यापेक्षा अख्खी व्हॅन ठरवणं बहुधा परवडतं, दोन्हीचे दर मागवून बघा. गाडी भाड्याने घेणार असाल तर संकेतस्थळावर दिसणाऱ्या भाड्यावर जाऊ नका. तिसऱ्या पक्षाचा विमा तिथे सक्तीचा आहे, तो काउंटरवर जोडला जातो आणि रक्कम कधी कधी दुप्पट होते. आरक्षण करतानाच 'सर्व सक्तीचे विमे धरून' आकडा लेखी मागा. टाकी लिमोनला भरून घ्या. समुद्रावर गाडीत पिशवी ठेवून पोहायला जायचं नाही, काचा तिथे फुटतात.

राहायचं कुठे? गावातून मान्सानियोपर्यंत 13 किलोमीटरचा एकच सपाट रस्ता जातो, सगळे समुद्रकिनारे त्याच्याच काठाने. गावात रात्री गाणी-गोंगाट. 2 किलोमीटरवर कोक्लेस, लांबलचक आणि देखणा किनारा, पण आत ओढणारे प्रवाह जोरदार. जीवरक्षक असतात तिथेच आणि ते असतील तेव्हाच उतरा. प्रवाहाने ओढलं तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. त्यापुढे प्लाया चिकीता, आणि 7 किलोमीटरवर पुंता उवा. तुमच्यासाठी पुंता उवा: भूशिराच्या आडोशामुळे पाणी बरंच शांत, वाळू मऊ, किनाऱ्यापर्यंत झाडांची सावली. घर ठरवताना तीन गोष्टी विचारा. पायऱ्या किती, कारण बरीच घरं लाकडी खांबांवर असतात. एसी आहे का, नसेल तर मच्छरदाणी आणि प्रत्येक पलंगावर पंखा. स्वयंपाकघर आहे का. कपडे तिथे वाळता वाळत नाहीत, सुती जीन्स घरीच ठेवा. पहाटे चार-पाचला हाउलर माकडं ओरडतात, मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील.

स्वयंपाकघर हवं ते शाकाहारामुळे. इथलं मुख्य जेवण म्हणजे नारळाच्या दुधात, थाइम आणि पानामेन्यो मिरची घालून शिजवलेला राजमा-भात. 1870च्या दशकापासून रेल्वे बांधायला जमैकाहून लिमोनला आलेल्या मजुरांनी तो आणला. मिरची अख्खी टाकून काढून घेतात, ती फुटली तर मुलं जेवणार नाहीत, जहाल हाबानेरो मिरचीच्या जातीची आहे. पानात सोबत कोंबडी येतेच, म्हणून ठामपणे सांगा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको. नुसतं 'कार्ने नको' म्हणाल तर मासा येईल. सगळे कडक शाकाहारी असाल तर 'मांतेका' कशाची आहे हेही विचारा, ती डुकराची चरबी असू शकते किंवा वनस्पती तूपही. रोंदोन हे रश्शाचं प्रकरण माशाचं असतं, ते टाळा. पाताकोनेस (कच्च्या केळ्यांचे दोनदा तळलेले चपटे तुकडे) आणि प्लांतिंता (पिकल्या केळ्याचं सारण भरलेली करंजीसारखी गोष्ट) मुलांना नक्की आवडतील. आग्वा दे सापो म्हणजे गूळ, आलं आणि लिंबू घातलेलं थंड पाणी. आई-बाबांना एकदम घरचं वाटेल. तांदूळ, मसूर, भाज्या दुकानात मिळतात. फोडणीचं सामान तेवढं बंद पाकिटात न्या.

करायचं काय? एक सकाळ काउइता राष्ट्रीय उद्यानाला. काउइता गावाकडच्या केली क्रीक प्रवेशद्वारावर स्वेच्छा देणगी, पुएर्तो वार्गासच्या बाजूला तिकीट. आरपार वाट आठ-नऊ किलोमीटरची आहे, ती सगळी करायची गरज नाही. मुलांसाठी केली क्रीककडून आत जाऊन परत यायचं. वाटेत पेरेसोसो नदीचं काळपट पाणी लागतं, भरतीला ते चढतं, म्हणून ओहोटीची वेळ बघून जा. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर पुएर्तो वार्गासची बाजू बरी, तिथे दलदलीवरून उंच फळ्यांची वाट आहे. आठला पोचा, दहानंतर उकाड्याने प्राणीही गप्प होतात. पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रॅकून पिशव्या उचकटतात, खाणं चेनबंद पाठपिशवीतच ठेवा. एकदाच वापरायचं प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. प्रवाळ बघायला पाण्यात उतरायचं असेल तर इथे परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे. पाणी नितळ असतं ते मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, डिसेंबरात गढूळ पाण्याचे पैसे भरू नका.

दुसरा दिवस कोकोचा. तालामांकाच्या डोंगरातले ब्रिब्री लोक शेंगेपासून चॉकलेटपर्यंत सगळं हाताने करून दाखवतात, भाजलेल्या बिया मुलांना दगडावर वाटू देतात. 1970च्या दशकाच्या अखेरीस मोनिलिया बुरशीने इथल्या कोकोच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या, त्यातून वाचलेली झाडंही बघायला मिळतात. गावाजवळची दोन-तीन तासांची फेरी घ्या. होडीने योर्किन या ब्रिब्री गावाला जायची सहल सुंदर आहे, पण नदीला पाणी चढलं की रद्द होते, आणि होडीत चढ-उतार करणं सत्तरीच्या गुडघ्यांना सोपं नाही.

उरलेले दिवस सायकल आणि समुद्र. सायकल दिवसाला पाच-दहा डॉलर, बहुतेकींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटं मारलं की थांबते. मुलांना आधी अंगणात सराव द्या. रस्त्याला कड नाही, अंधार पडायच्या आत परता.

डासांसाठी डीईईटी किंवा पिकारिडिनचं मलम न्या, डेंग्यू आहे. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या घोटे फोडून काढतात, तेव्हा लांब पँट. स्लॉथ या झाडावरच्या सुस्त प्राण्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी कोणी हातात दिला तरी नाही. पैसे डॉलरांतही चालतात, ढोबळ 500 कोलोन म्हणजे एक डॉलर. नोटा लहान ठेवा, गावात एटीएम मोजकीच आहेत आणि सुट्टीत रिकामी होतात.

सगळ्यांत आधी तपासायचे ते पासपोर्ट. आई-बाबांकडे अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा चालू बी-1/बी-2 व्हिसा असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तिथून बाहेर पडायचं तिकीट दाखवावं लागतं. तुम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर त्यासाठी कोस्टा रिकाच्या वकिलातीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या आणि ते छापून विमानतळावर न्या, कारण अडवणूक होते ती विमान कंपनीच्या काउंटरवर. पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि हातात फक्त एच-1बीच्या मंजुरीचा कागद असेल तर जाऊच नका. कॅनडा-मेक्सिकोहून परतताना संपलेल्या शिक्क्यावरही आत घेण्याची जी सवलत चालते ती कोस्टा रिकाला लागू नाही, अमेरिकेत परत यायला नवा शिक्का घ्यावा लागेल. आई-बाबांना परतताना नव्याने प्रवेश दिला जातो आणि मुक्काम किती हे अधिकारी ठरवतो, तेव्हा त्यांचं भारताचं परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत असू द्या. पनामातलं बोकास देल तोरो सिक्साओलाच्या पुलापलीकडे जवळच दिसतं म्हणून एका दिवसात उरकायला निघू नका. सीमेवर दोन्ही देशांच्या रांगा आणि पनामाचं घड्याळ एक तास पुढे, त्यात सहा माणसांचा अख्खा दिवस जातो.