‘पंचेचाळिशीत डॉक्टर होऊन काय करू?’

“वय झालं की ओ मॅडम. आता पीएचडीला नाव घातलं तर पदवी हातात पडेपर्यंत पंचेचाळिशी उलटेल. तेव्हा डॉक्टर होऊन काय करू?”

सुनंदाताई (नाव बदललं आहे) खुर्चीच्या कडेला बसून बोलत होत्या. वय 39, विशेष शिक्षणातलं एम.एड., बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत 14 वर्षं नोकरी, मुलगा दहावीत. सोलापुरात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बऱ्याच शिक्षिका हेच विचारतात, म्हणून त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.

वयाची काळजी पुष्कळदा वरवरची असते, दुखत असतं दुसरंच. दुसऱ्या भेटीत ते बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्या पीएचडीच्या एका मार्गदर्शकांकडे गेल्या होत्या. त्यांनी पाच मिनिटांत निकाल लावला होता: “वर्गातल्या गोष्टींवर पीएचडी होत नसते. शंभर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि मोकळ्या व्हा.” तेव्हापासून ताईंनी मनाशी धरलं होतं, की संशोधन आपलं काम नव्हे.

“वर्गातली कुठली गोष्ट सांगितली होतीत त्यांना?” मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून कोपरे दुमडलेली वही काढली. शहराच्या पूर्व भागातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं पान उघडलं. ‘चित्र पाहून नाव सांगतो’ यापुढे फुली. खाली बारीक अक्षरात ताईंची नोंद: ‘पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून नीळ्ळु म्हणाला.’ घरी तेलुगू, चाचणी मराठीत. पुढच्या पानावर दुसरी मुलगी, तिचं कन्नड ‘नीरु’. अशी बरीच पानं होती.

मला खरोखर भरून आलं. तीन भाषांच्या या गावात मुलाची अक्षमता किती आणि भाषेची अडचण किती, हे वेगळं काढायचं कसं? हा प्रश्न रोज त्या वर्गात उभं राहणाऱ्या बाईलाच पडू शकतो. मी म्हटलं, “ताई, विषय तुमच्याकडे आहे. ही वही वाचणारा मार्गदर्शक तेवढा शोधा.”

नियमांचा धाक होता, तोही काढला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. पुनर्नोंदणी केली तर 2 वर्षं वाढतात, महिलांना आणखी 2 मिळू शकतात, एकूण 10 च्या पुढे मात्र नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, त्यासाठी शाळेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक अभ्यासक्रम, कुणालाच चुकत नाही. दूरस्थ पद्धतीची पीएचडी मान्य नाही, त्यामुळे ‘घरबसल्या करून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पैशांचंही स्पष्ट बोलले. या पदवीनं विशेष शाळेतला पगार आपोआप वाढत नाही. विशेष बी.एड.च्या मुलींना शिकवायचं असेल तर तिचा उपयोग आहे. ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “पगारासाठी नाहीच ओ. त्या फुल्या बघवत नाहीत.” अर्ज मुलाची दहावी झाल्यावर करायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मला ते पटलं.

एक काम मात्र लगेच सांगितलं. वहीतल्या जुन्या नोंदी शिक्षिका म्हणून केलेल्या आहेत. संशोधनात मुलं घ्यायची तर पालकांची लेखी संमती हवी, आणि ती त्यांच्या भाषेत समजावून.

मागच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा त्या मुलाच्या घरी जाऊन आल्या होत्या, तेलुगू बोलणाऱ्या सहकारी बाईंना सोबत घेऊन. आई दारात विड्या वळत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात थांबवले आणि विचारलं, “मग मी याच्याशी घरात मराठीच बोलू का? आमचं बोलणं सोडून देऊ?”

ताईंनी तो प्रश्न तारीख घालून वहीत लिहून आणला होता.