मधुमेह किंवा किडनीचा जुनाट आजार असेल तर प्रोबायोटिक कॅप्सूलने शरीरातला दाह कमी होतो का?

थोडाफार होतो, पण रक्ततपासणीच्या आकड्यात. त्याने आजार मागे हटतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. टाइप 2 मधुमेह आणि किडनीच्या आजारावरच्या छोट्या-छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या की सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) सरासरीने किंचित उतरलेला दिसतो. आयएल-6 आणि टीएनएफ-अल्फा या दाहाच्या इतर दोन खुणांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांतच संपलेल्या. यामागचं कारण तसं पटण्यासारखं आहे: आतड्याचं अस्तर कमकुवत झालं की जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एलपीएस हे दाह भडकवणारं द्रव्य रक्तात झिरपतं आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते. काही स्ट्रेन, म्हणजे जिवाणूंचे ठरावीक उपप्रकार, ते अस्तर सांभाळायला मदत करतात, सगळे नाही. त्यामुळे डबीवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलंय आणि पुढे स्ट्रेनचं नाव नाही, तर कोणत्या चाचणीचा निकाल तिला लावायचा हेच कळत नाही. (‘इतके अब्ज जिवाणू’ हा ठळक आकडा मला तरी जाहिरातच वाटतो.)

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका:

- प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा केमोथेरपी
- मोठ्या शिरेत कॅथेटर, डायलिसिसचा धरून

अशा रुग्णांत सॅकरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक म्हणून दिलं जाणारं यीस्ट रक्तात शिरून संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या गंभीर रुग्णांपैकी प्रोबायोटिक घेणारे 16 टक्के दगावले, न घेणारे 6 टक्के.