कटरआधी माणूस

अग्निशमन दलात नवा आला आहेस, म्हणून सांगतो. इथे गोव्यात पर्वरीला महामार्गावर चेपलेली गाडी दिसली की हात पत्रा कापायच्या कटरकडे धावतील. आधी चाकांना अटकाव लाव, इग्निशन बंद कर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. न उघडलेली एअरबॅग नंतरही उघडू शकते. स्टिअरिंग आणि माणूस यांच्यामध्ये डोके घालू नकोस.

मग माणसाकडे जा, तेही समोरून. बाजूने हाक मारलीस तर तो मान वळवणार, आणि मणक्याला मार असेल तर तेवढेही महागात पडते. एकाने मागच्या सीटवरून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरायचे. हात भरून आले तर दुसऱ्याने धरल्यावरच सोडायचे. नाव विचार, नावानेच बोल. इथलाच असेल तर ‘भियेनाका’, म्हणजे घाबरू नका, असे म्हण. कोकणी ऐकून आवळलेली मूठ सैल झालेली मी पाहिली आहे. काच फोडण्याआधी त्याला ब्लँकेट पांघरव आणि सांग, ‘आता मोठा आवाज होईल.’

पाय डॅशबोर्डखाली बराच वेळ चिरडलेला असेल तर ओढायची घाई नको. दाब सुटताच साठलेले पोटॅशियम रक्तात उतरते, हृदय बंद पडू शकते. आधी १०८ च्या लोकांना सलाईन लावू दे.

शेजारच्या सीटवरचा दगावला असेल आणि अडकलेल्याने त्याच्याबद्दल विचारले, तर ‘बरा आहे’ असे खोटे सांगू नकोस. ‘त्यांच्याजवळ आमची माणसे आहेत, मी तुमच्याजवळ आहे’ म्हण, आणि खरोखर तिथेच थांब.