आबांना मिठी मारायचीय? आधी एवढं कर

भाऊ, आपल्या खान्देशात बाप लेकाच्या पाठीवर थाप मारतो, मिठी नाही. तुझा संकोच कळतो. मीही चाळिशीत शिकलो. सुरुवात मायपासून कर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली असेल तर आणखी सोपं.

नवखे दोन चुका करतात:

- मागून अचानक धरणं. समोरून जा, हात पसर. माणूस आखडला तर खांद्यावर हात ठेव, बस.
- लगेच सुटणं. २०२१ साली छापून आलेल्या लंडनच्या प्रयोगात १ सेकंदापेक्षा ५-१० सेकंदांची मिठी जास्त सुखद वाटली.

माझे आबा पहिल्यांदा खांबासारखे उभे, उपरण्याला कापसाचा वास. तिसऱ्या वेळी त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. ऑक्सिटोसिन (जवळिकीशी जोडलं जाणारं शरीरातलं संप्रेरक) वगैरे नंतर वाच.